अमेरिकेतल्या घरातल्या लो-व्होल्टेज बॉक्समध्ये अलार्म सिस्टिम कशी बसवायची

टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना अशा भागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेलं घर तुम्ही घेतलं असेल तर मास्टर क्लॉझेटमध्ये, लाँड्रीत नाहीतर गराजमध्ये भिंतीत बसवलेला एक पांढरा बॉक्स बहुतेक असेलच. दार उघडलं की आत निळ्या-पांढऱ्या केबल्सचं जंजाळ, एखादा केबल टीव्हीचा स्प्लिटर, आणि कोपऱ्यात गुंडाळी करून ठेवलेल्या बारीक करड्या वायरी. त्या बारीक वायरी म्हणजे तुमच्या दारं-खिडक्यांचं अलार्मचं प्रीवायरिंग. बिल्डरने घर बांधताना ते घालून दिलेलं असतं आणि बरेच जण दहा-दहा वर्षं त्याला हातच लावत नाहीत, वरून पुन्हा वायरलेस सेन्सर विकत घेतात आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांचे सेल बदलत बसतात. भिंतीत तांबं पडलेलं आहे तर ते वापरा हो, वायरवालं सेन्सर वर्षानुवर्षं काही मागत नाही.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांनी हे काम आधी कधी केलं नाही पण स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर हातात धरता येतो. अलार्मची वायरिंग १२ व्होल्टची आहे, तिच्यात जिवाला धोका नाही. पण बॉक्सच्या आत नवीन १२० व्होल्टचं आउटलेट पाहिजे असेल तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, कारण तिथे वेगळी मेटलची पेटी, आडोसा, सगळं कोडप्रमाणे लागतं आणि लो-व्होल्टेजच्या वायरी त्या लाइनच्या वायरींना लागून चालत नाहीत.

आणि सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हा बॉक्स तुम्ही पुन्हा पुन्हा उघडणार आहात. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायला, इंटरनेट कंपनी बदलली की नवीन माणूस येऊन हात घालणार तेव्हा, घर विकलं की पुढचा मालक. म्हणून कुठली वस्तू कुठे बसवायची हे ठरवताना "आत्ता कुठे मावतंय" हा प्रश्न दुय्यम, "नंतर हिला हात कसा पोचणार" हा पहिला. खाली सगळा क्रम मी त्याच हिशोबाने लावलाय.

आधी टेप घेऊन बॉक्स मोजा

अमेरिकेतल्या घरांत भिंतीतले लाकडी स्टड, म्हणजे उभे खांब, १६ इंचावर असतात, एका स्टडच्या मधोमधपासून दुसऱ्याच्या मधोमधपर्यंत, आणि स्टड दीड इंच जाड, म्हणजे मधली मोकळी जागा साडेचौदा इंच. बॉक्स त्याच मापाचे बनतात, रुंदी साधारण सव्वाचौदा इंच, उंची १४, २८ किंवा ४२ इंच अशी. लेव्हिटन आणि लग्रांडचं ऑन-क्यू हे दोन ब्रँड सगळ्यात जास्त दिसतात. पण खरी अडचण रुंदी-उंचीची नसतेच, खोलीची असते. स्टडची खोली साडेतीन इंच, त्यामुळे बॉक्सच्या आत तुम्हाला साडेतीन इंच किंवा त्याहून थोडं कमीच मिळतं, आणि दार बंद व्हायला पाहिजे हे विसरू नका.

अलार्मची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची जी बॅटरी असते ती साधारण १५१ मिलिमीटर लांब, ६५ मिलिमीटर रुंद आणि ९४-९८ मिलिमीटर उंच. म्हणजे ६५ मिलिमीटरची बाजू खोलीकडे ठेवली तर अडीच इंचाच्या थोडं वर जाते आणि व्यवस्थित मावते, दुसऱ्या कुठल्याही बाजूने ठेवाल तर दार लागणार नाही. कॅमेऱ्यांचा एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, मात्र बहुतेक वेळा या बॉक्समध्ये मावतच नाही, हार्ड डिस्कवाला डबा जास्त खोल असतो आणि गरमही खूप होतो. त्याला क्लॉझेटमधल्या शेल्फवर मोकळ्या हवेत ठेवा आणि बॉक्समधून फक्त नेटवर्कची केबल त्याच्यापर्यंत न्या.

बॉक्स पत्र्याचा आहे की प्लास्टिकचा तेही आत्ताच बघून घ्या. पत्र्याचा असेल तर आत ठेवलेल्या कुठल्याही रेडिओवाल्या वस्तूचा सिग्नल मरतो, मग तो वाय-फाय राउटर असो, वायरलेस सेन्सरचा रिसीव्हर असो की मोबाइल नेटवर्कवरून अलार्म कळवणारं सेल्युलर मॉड्यूल. ही गोष्ट पुढे दोन-तीनदा येणार आहे.

आणि बॉक्स जर टेक्सासमधल्या गराजमध्ये असेल तर विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे तापमान १०० फॅरनहाइटच्या वर सहज जातं आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं गणित असं की २५ सेल्सिअसच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बोर्ड एकवेळ टिकेल, बॅटरी नाही टिकणार. घराच्या आतल्या, एसीवाल्या जागेतला बॉक्स असेल तर तोच निवडा.

वायरी ओळखणं, हे काम सगळ्यात जास्त वेळ खातं

अजून काहीही विकत घ्यायचं नाही. आधी वायरी मोजा. जाड निळ्या किंवा पांढऱ्या त्या नेटवर्कच्या कॅट-५ किंवा कॅट-६, काळ्या-पांढऱ्या गोल जाड त्या केबल टीव्हीच्या कोएक्स, आणि बारीक ज्या आहेत त्या २२ गेजच्या, दोन तारांच्या किंवा चार तारांच्या. इथले लोक त्यांना ट्वेंटीटू-टू आणि ट्वेंटीटू-फोर म्हणतात. दोन तारांची बहुतेक दार-खिडकीची, चार तारांची म्हणजे कीपॅड नाहीतर मोशन सेन्सर. लाल कव्हरची वायर दिसली तर ती फायरची, स्मोक डिटेक्टरची असण्याची शक्यता जास्त, तिला वेगळी बाजूला ठेवा.

बिल्डरने चिठ्ठ्या लावलेल्या असतील तर नशीब, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तो बीप वाजतो त्या सेटिंगवर ठेवा, एका वायरीच्या दोन तारांना लावा, आणि घरातल्या कोणालातरी एकेक दार उघड-बंद करायला सांगा. दार बंद असताना बीप, उघडल्यावर बीप थांबला की ती वायर त्या दाराची. मुलांना हे काम फार आवडतं, एकाला दारांवर पाठवा, एकाला कागदावर लिहायला बसवा, तासा-दीड तासात घर होतं. खिडक्यांच्या बाबतीत दोन-तीन खिडक्या एकाच वायरीवर एकामागे एक जोडलेल्या असू शकतात, म्हणजे त्यातली कुठलीही उघडली तरी बीप जाणार, ते चूक नाही, तसंच लिहून ठेवा.

एखादी वायर कधीच बीप देत नसेल तर लगेच तुटली असं समजू नका. बऱ्याच घरांत बिल्डर वायर फक्त चौकटीपर्यंत आणून सोडतो, सेन्सर बसवलेलाच नसतो. चौकटीच्या वरच्या बाजूला पाऊण इंचाचं किंवा छोटं गोल भोक किंवा प्लास्टिकची टोपी दिसते का बघा.

प्रत्येक वायर ओळखली की तिथल्या तिथे लेबल लावा. मास्किंग टेपवर पेनने लिहिलेलं चार वर्षांनी गळून पडतं, छोटा लेबल प्रिंटर घ्या किंवा वायर मार्करची पट्टी घ्या. लेबल वायरीच्या टोकापासून पाच-सहा इंच मागे लावा, कारण टोक तुम्ही नंतर कापणार आहात.

पॅनेल कुठलं घ्यायचं

पॅनेल म्हणजे अलार्मचा मुख्य बोर्ड, सगळ्या वायरी ज्याला जोडायच्या तो. कुठलं घ्यायचं यावर भांडणं खूप होतात, मी थोडक्यात सांगतो. जुन्या घरात बहुधा हनीवेलचं व्हिस्टा-२०पी किंवा डीएससीचं पॉवरसीरीज १८३२ आधीच लागलेलं सापडेल. हनीवेलचा घरगुती सिक्युरिटीचा धंदा २०१८ मध्ये वेगळा होऊन रेसिडिओ झाला, म्हणून पार्ट शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. नवीन घ्यायचं असेल तर डीएससीचं निओ, किंवा ज्यांना ऑटोमेशनची आवड आहे त्यांच्यासाठी एल्कचं एम१ गोल्ड. हे सगळे साधे हिरवे सर्किट बोर्ड आहेत, स्क्रू टर्मिनलवाले, बॉक्समध्ये बसवायला बनलेले. ज्यांना मॉनिटरिंग कंपनी, म्हणजे अलार्मवर दूरून लक्ष ठेवणारी कंपनी, नको, फक्त फोनवर आणि होम असिस्टंट या घर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं हवंय ते कनेक्टेड नावाच्या कंपनीचा बोर्ड घेतात, तोही याच वायरींवर चालतो.

जुनं पॅनेल वापरणार असाल तर त्याच्यातला सेल्युलर कम्युनिकेटर बघा. एटीअँडटीचं थ्रीजी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं आणि व्हेरायझनचं त्याच वर्षाच्या शेवटी, त्यामुळे जुना थ्रीजी मॉड्यूल दिसायला चालू असला, दिवा लागत असला तरी तो कोणालाही काहीही कळवत नाही. तो काढा, एलटीई म्हणजे फोरजीचा घ्या.

एकाच बॉक्समध्ये की वेगळ्या

माझं मत स्पष्ट आहे, बॉक्स ४२ इंची असेल आणि नेटवर्कचं सामान थोडंच असेल तर एकत्र बसवा. २८ इंचीत आधीच मॉडेम, स्विच, पॅच पॅनेल असेल तर अलार्मचा बोर्ड त्याच्यासोबत आलेल्या त्याच्या स्वतःच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि तो डबा शेजारी भिंतीवर स्टडमध्ये स्क्रू मारून लावा. कारण इंटरनेटवाला येतो तेव्हा त्याला अलार्मच्या टर्मिनलशी काही देणंघेणं नसतं, त्याच्या हाताने एक वायर सुटली की तुम्हाला रात्री दोनला कीपॅडवर ट्रबल दिसणार. अलार्मच्या डब्याला कुलूपही असतं, हा वेगळा फायदा.

दोन बॉक्समध्ये भिंतीच्या आतून वायर न्यायची असेल तर मधल्या स्टडला भोक पाडावं लागतं. भार घेणाऱ्या भिंतीच्या स्टडमध्ये रुंदीच्या ४० टक्क्यांपेक्षा मोठं भोक कोडमध्ये चालत नाही, म्हणजे साडेतीन इंचात जास्तीत जास्त १.४ इंच. एक इंचाचं भोक अगदी मधोमध पाडा, दोन्ही बाजूला सव्वा इंच लाकूड उरतं आणि पुढे कोणी भिंतीत खिळा ठोकला तर तो वायरीपर्यंत पोचायची शक्यता कमी. त्याहून मोठं करणार असाल तर स्टडच्या कडेला स्टीलची नेल प्लेट मारा. वरून छताच्या बाजूने नवीन वायर उतरवली असेल तर वरच्या लाकडी पट्टीतलं भोक फायर-रेटेड कॉक किंवा फोमने बंद करायचं, ते भोक म्हणजे आगीला वर अॅटिकमध्ये जायचा रस्ता आहे.

आतली मांडणी

एकाच बॉक्समध्ये बसवताय असं धरतो. बॅटरी तळाला. ती दोन-अडीच किलोची असते, वरून सुटली तर खालचा बोर्ड फोडेल, आणि गरम हवा वर जाते म्हणून तळाशी तिला थंडावाही मिळतो. पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा, असेल तर तो सगळ्यात वर, कारण तो तापतो, एकेक पोर्ट १५.४ वॉटपर्यंत देणारा असतो, आठ कॅमेरे लावले की चांगलीच ऊब जमते आणि ती त्याच्या वर काही नसेल तर तशीच निघून जाते. अलार्मचा बोर्ड मध्ये, तुमच्या छातीच्या उंचीवर येईल असा, कारण स्क्रू तिथेच पिळायचे आहेत.

वायरी बहुतेक वरून उतरतात. अलार्मच्या सगळ्या बारीक वायरी डाव्या बाजूने खाली आणा, नेटवर्क आणि कोएक्स उजव्या बाजूने. किंवा उलट, पण एक बाजू एकाची हे पाळा. बॉक्सच्या वरच्या नॉकआउटमधून, म्हणजे ठोकून उघडायच्या तयार भोकातून, वायर आत घेताना तिथे प्लास्टिकचं बुशिंग, म्हणजे धार झाकणारी रिंग, घालाच, पत्र्याची धार वायरीचं कव्हर कापते आणि तो शॉर्ट सापडता सापडत नाही. प्रत्येक वायरीची फूटभर तरी जास्तीची लांबी आत ठेवा, बाजूने वर-खाली एक वळसा देऊन. वेल्क्रोची पट्टी वापरा, झिप टाय नको, नंतर एक वायर वेगळी करायची असली की झिप टाय कापताना शेजारची वायरही कापली जाते.

बोर्ड बसवणं

इथे नवीन माणूस अडतो. लेव्हिटनच्या बॉक्समागे भोकांची एक जाळी असते आणि ऑन-क्यूच्या मागे दुसऱ्या अंतराची, आणि अलार्म बोर्डाची भोकं या दोघांशीही जुळत नाहीत. दोन्ही कंपन्या युनिव्हर्सल माउंटिंग प्लेट विकतात, ती आधी बॉक्समध्ये पुश-पिनने बसते आणि मग तुम्ही तुमची वस्तू तिच्यावर स्क्रूने लावता. प्लेट मिळाली नाही तर पाव इंची प्लायवूडचा किंवा अॅक्रिलिकचा तुकडा कापून घ्या, त्यावर बोर्ड ठेवून पेन्सिलने भोकांच्या खुणा करा, नायलॉनचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे पाय, लावा आणि मग तो अख्खा तुकडा बॉक्सला लावा. मला तर विकतच्या प्लेटपेक्षा हीच पद्धत जास्त आवडते, कारण सगळी जोडणी टेबलावर आरामात होते आणि उद्या बोर्ड बदलला तर फक्त तुकडा बाहेर काढायचा.

बोर्डाच्या मागच्या बाजूला सोल्डरची टोकं उघडी असतात, ती आणि पत्रा यांच्यात कमीत कमी पाव इंच हवा पाहिजे. बोर्ड थेट पत्र्याला लावू नका, डबल टेपवर चिकटवूही नका, उष्णतेने टेप सोडतो. बॉक्सला नवीन भोक पाडायचं असेल तर आधी आतलं सगळं बाहेर काढा, ड्रिलचा पत्र्याचा चुरा बोर्डावर पडला की दोन टर्मिनलमध्ये अडकून शॉर्ट करतो, काम झाल्यावर व्हॅक्यूम मारा. आणि मागच्या पत्र्यातून लांब स्क्रू घालू नका, पलीकडे पाण्याचा पाइप किंवा १२० व्होल्टची केबल असू शकते, अर्धा इंची स्क्रू पुष्कळ झाला. बोर्ड हातात घ्यायच्या आधी पत्र्याला किंवा कुठल्या तरी अर्थ असलेल्या धातूला स्पर्श करा, विशेषतः थंडीत, कार्पेटवरून चालून आलात की अंगात स्टॅटिक साठलेलं असतं.

बॅटरीला ब्रॅकेट किंवा पट्टा लावा. नुसती तळाला ठेवून दिली तर दार उघडताच पुढे कलंडते.

पॉवर

व्हिस्टासारख्या बोर्डाला १६.५ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर लागतो, २५ किंवा ४० व्हीए. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये जो सांगितलाय तोच घ्या. तो कुठल्या आउटलेटमध्ये लावता ते फार महत्त्वाचं. भिंतीवरच्या स्विचने बंद होणारं आउटलेट नको, जीएफसीआय, म्हणजे करंट गळला की आपोआप बंद पडणारं, आउटलेट नको, गराजमध्ये तर बऱ्याचदा सगळीच जीएफसीआयवर असतात. ट्रान्सफॉर्मरला वर एक धातूची पट्टी असते जिने तो आउटलेटच्या मधल्या स्क्रूला अडकवायचा, म्हणजे कोणी उपटू नये. तो स्क्रू काढताना आधी ब्रेकर बंद करा, मगच हात लावा. ट्रान्सफॉर्मर अर्धवट बाहेर आलेला असेल आणि ती पट्टी प्लगच्या पात्यांवर पडली तर थेट १२० व्होल्टचा शॉर्ट होतो आणि ठिणगी उडते. या सगळ्या कामात खरा धोका असलेली जागा ही एकच आहे.

ट्रान्सफॉर्मरपासून बोर्डापर्यंत १८ गेजची दोन तारांची वायर न्या, अंतर लांब असेल तर १६. २२ गेज वापरू नका. एक्स्टेंशन कॉर्ड भिंतीतून न्यायची नाही, आणि डोअरबेलचा ट्रान्सफॉर्मर वाटून घ्यायचा नाही.

मग बोर्डाकडून किती करंट घेताय त्याची बेरीज करा. व्हिस्टा-२०पी बाहेरच्या सामानासाठी ६०० मिलिअँपिअर देतो. मोशन सेन्सर दहा-वीस मिलिअँपिअरच खातो पण कीपॅड लाइट आणि आवाजासकट शंभरच्या वर जाऊ शकतो, त्यात कम्युनिकेटर आला. प्रत्येक वस्तूच्या कागदावर आकडा लिहिलेला असतो, सगळे मिळून ६०० च्या बरेच खाली राहिले पाहिजेत. समजा बोर्डासकट एकूण ३०० झाले तर ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर २३ तास देते, जुनी झाल्यावर बरीच कमी. अमेरिकेत घरगुती चोरीच्या अलार्मला चार तासांचा बॅकअप पुरेसा धरतात पण स्मोक डिटेक्टर जोडले असतील तर २४ तास लागतो, म्हणून लहान ४ अँपिअर-अवरची घेऊन पैसे वाचवू नका. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली होती, कित्येक ठिकाणी दोन-तीन दिवस, तेव्हा मोठ्या बॅटरीची किंमत कळते.

मॉडेम आणि राउटरही छोट्या यूपीएसवर टाका. अलार्म चालू आहे पण इंटरनेट गेलंय, मग तुमच्या फोनवर काही येणार नाही.

झोन जोडणं आणि तो छोटा रेझिस्टर

प्रत्येक दाराच्या दोन तारा म्हणजे एक झोन. बोर्डावर झोनचे टर्मिनल लिहिलेले असतात, शेजारच्या दोन झोनना कॉमन एक असू शकतो, आकृती बघून जोडा. तारेचं कव्हर पाव इंचच सोला, जास्त उघडी तार शेजारच्या टर्मिनलला लागते.

आता रेझिस्टर. बोर्डासोबत छोट्या रेझिस्टरची पिशवी येते, व्हिस्टाला २००० ओहम, डीएससीला ५६००, एल्कला २२००. याला एंड ऑफ लाइन म्हणतात आणि तो वायरीच्या शेवटी म्हणजे दाराजवळ, सेन्सरच्या एका तारेत, सिरीजमध्ये लावायचा असतो. का, तर बोर्ड सतत तो आकडा मोजत असतो. मधे कुठे कोणी वायर शॉर्ट केली किंवा खिळ्याने शॉर्ट झाली तर आकडा शून्य होतो आणि बोर्डाला कळतं. तोच रेझिस्टर तुम्ही बॉक्समध्ये टर्मिनलवर लावला तर भिंतीत वायर शॉर्ट झाल्यावर बोर्डाला दार कायम बंद दिसत राहतं. म्हणजे दार उघडं, आणि कीपॅड म्हणतोय सगळं ठीक. चौकटीतला गोल सेन्सर बाहेर ओढून काढता येत असेल तर रेझिस्टर तिथेच लावा. जिथे सेन्सर निघतच नाही तिथे नाइलाजाने बॉक्समध्ये लावावा लागतो, तसे झोन कागदावर वेगळे लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा ते दार उघडून खात्री करा.

टर्मिनलला जोडायच्या आधी प्रत्येक वायर पुन्हा मीटरवर बघा, या वेळी ओहमवर. दार बंद, आकडा रेझिस्टरच्या जवळपास, थोडाफार कमी-जास्त चालेल. दार उघडं, मीटर काही दाखवत नाही. आकडा उड्या मारत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे, तो आत्ता शोधा, सगळं बंद केल्यावर सापडायला दसपट वेळ लागतो.

मोशन सेन्सरला चार तारा, लाल-काळ्यावर १२ व्होल्ट, उरलेल्या दोन झोनला. कीपॅडलाही चारच, लाल, काळी, हिरवी, पिवळी, पण त्यात हिरवी-पिवळी डेटाच्या आहेत, झोनच्या नाहीत. दोन्हीची वायर दिसायला सारखी असते म्हणून लेबलशिवाय गोंधळ होतो. सायरनच्या तारांना प्लस-मायनस असतं. डीएससीवर सायरन लावणार नसाल तर त्या टर्मिनलवर १००० ओहमचा रेझिस्टर ठेवावा लागतो नाहीतर ट्रबल दाखवत राहतो.

स्मोक डिटेक्टर अलार्मला जोडायचे असतील तर तेवढं काम जाणकाराकडून करून घ्या. छतावरचे १२० व्होल्टवाले, एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म ही वेगळीच सिस्टिम आहे, तिच्या वायरी या बॉक्समध्ये आणायच्या नाहीत.

रेडिओवाल्या वस्तू बाहेर

पत्र्याच्या बॉक्समध्ये वायरलेस रिसीव्हर ठेवू नका. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रिसीव्हर आतच असलेला कीपॅड घ्या, हनीवेलचा ६१६०आरएफ किंवा डीएससीचा आरएफके५५००, तो तसाही भिंतीवर बाहेर असतो. सेल्युलर मॉड्यूल बॉक्सच्या वर भिंतीवर लावा किंवा त्याची अँटेना नॉकआउटमधून बाहेर काढा. एन्व्हिसालिंकसारखं इंटरनेट मॉड्यूल मात्र आत चालतं, ते कीपॅडच्याच चार टर्मिनलवर जोडतात आणि इथरनेटच्या केबलने स्विचला. वाय-फाय राउटर या बॉक्समध्ये कोंबलेला असेल तर त्यालाही याच निमित्ताने बाहेर काढा, घरातल्या निम्म्या वाय-फाय तक्रारी तिथेच संपतात.

चालू करणं

मॉनिटरिंग कंपनी असेल तर काम सुरू करायच्या आधीच फोन करून अकाउंट टेस्टवर टाकायला सांगा, म्हणजे तेवढा वेळ आलेला अलार्म ते खरा धरत नाहीत. सायरनची एक तार सोडून ठेवा, कान वाचतात. अर्थची वायर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टर्मिनलला लावा, इथल्या विजांच्या वादळात ती कामाला येते. आधी बॅटरी की आधी ट्रान्सफॉर्मर हे कंपनीप्रमाणे बदलतं, तुमच्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये जो क्रम आहे तोच पाळा. बॅटरीची लाल प्लसला, काळी मायनसला, दोनदा बघा. कुठल्याही वायरीला पुन्हा हात लावायचा झाला तर ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी दोन्ही काढा, नुसता ट्रान्सफॉर्मर काढला तर बोर्ड बॅटरीवर जिवंतच असतो.

कीपॅड जागा झाला की प्रोग्रॅमिंगमध्ये झोनची नावं आणि प्रकार भरा, मुख्य दाराला आत येण्याचा वेळ, बाकी खिडक्यांना लगेच. मग घरभर फिरून एकेक दार, एकेक खिडकी उघडा आणि कीपॅडवर तेच नाव येतंय ना बघा. सगळं जुळलं की सायरनची तार लावा आणि एकदा खरा अलार्म वाजवून घ्या. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर बंद करून दोन-तीन तास सिस्टिम बॅटरीवर चालू द्या, नवीन बॅटरीत दोष असेल तर तेवढ्यात कळतो.

बॅटरीवर आजची तारीख मार्करने लिहा. झोनची यादी छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, फोनमध्ये उघड्या बॉक्सचा फोटो काढून ठेवा. आपल्यातले बरेच जण डिसेंबरमध्ये महिना-दीड महिना भारतात जातात आणि नेमकी तेव्हाच बॅटरी लो होऊन कीपॅड पीप पीप करत बसतो, शेजाऱ्याला आत यावं लागतं, म्हणून तीन-चार वर्षं झालेली बॅटरी निघायच्या आधीच बदला आणि शेजाऱ्याला त्याचा स्वतःचा कोड द्या, तुमचा देऊ नका.

शेवटचं काम शहराच्या परमिटचं. डॅलस, ह्यूस्टनसारख्या बऱ्याच शहरांत घरच्या अलार्मला परमिट लागतं आणि खोटे अलार्म जास्त झाले की दंड होतो. नियम गावागणिक वेगळे, तुमच्या सिटीच्या वेबसाइटवर बघा, नंबर आला की तो मॉनिटरिंग कंपनीला कळवा, आणि मगच त्यांना अकाउंट टेस्टवरून काढायला सांगा.